पानं गेली, कोंब राहिला: ह्यूस्टनच्या अंगणातल्या एका संकरित पामचं प्रकरण

पार्श्वभूमी

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीत, घरात दोन नातवंडं, आणि मुलाचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो. नाना गुहागरकडचे, नारळ-पोफळीची वाडी आयुष्यभर सांभाळलेले. २०२० च्या फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी आले आणि कोविडमुळे अडकून पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत इथेच राहिले. २०२१ च्या थंडीत होरपळलेलं अंगणातलं झाड त्यांनीच वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण ते नसते, तर मुलाने मार्चमध्येच करवत लावली असती.

मी या घराचा स्नेही. पाम लावण्याचा नाद मला पंधरा वर्षांपासून आहे, त्यामुळे बऱ्याच निर्णयांत माझाही हात होता, चुकलेल्या निर्णयांतसुद्धा. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मागच्या अंगणात झोपाळ्याशेजारी माड हवा, ही सुनेची हौस. खरा माड ह्यूस्टनला टिकत नाही, पारा शून्याजवळ आला की मान टाकतो. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी क्वीन पाम लावला. दिसायला डौलदार, लांब झुकलेल्या झावळ्या, दुकानात स्वस्त. १७ जानेवारी २०१८ च्या पहाटे ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर १९ फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअसची नोंद झाली. जेमतेम वर्षभर वाढलेलं ते झाड त्या थंडीत गेलं.

अडचण नेमकी काय होती

अमेरिकेत झाड निवडताना सगळे आधी कृषी खात्याचा हवामान-पट्ट्यांचा नकाशा बघतात. केटीचा भाग त्यात ९ए-९बी मध्ये मोडतो. ९ए म्हणजे हिवाळ्यातला नीचांक २० ते २५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ ते उणे ४ सेल्सिअसच्या दरम्यान. पण हा आकडा तीस वर्षांतल्या वार्षिक नीचांकांची सरासरी असतो. सगळ्यात वाईट रात्र कशी असेल, हे तो सांगत नाही. डिसेंबर १९८९ मध्ये याच शहरात पारा ७ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १४ पर्यंत उतरला होता. बी-भाजी लावताना सरासरी चालते, कारण गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पामला मात्र चाळीस वर्षं उभं राहायचं असतं. त्याची गाठ सरासरीशी पडत नाही, एखाद्याच रात्रीशी पडते.

त्यात पामची रचना अशी की आंब्यासारखे बाजूला फुटवे येत नाहीत. एका खोडाला शेंड्याशी एकच कोंब. तो जिवंत तर झाड जिवंत, तो मेला की वर कितीही हिरव्या झावळ्या दिसोत, झाड संपलं. माडाच्या मुलखातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथल्या नव्या बागकाम करणाऱ्याला मात्र पहिल्या थंडीनंतरच ते कळतं.

कोणते पर्याय होते

पुन्हा क्वीन पाम लावायचा नाही, यावर एकमत होतं.

सगळ्यात निर्धास्त पर्याय साबल पामचा होता. त्याच्या काही जाती टेक्ससच्याच आहेत आणि इथली थंडी त्यांनी पिढ्यानपिढ्या झेललेली आहे. चीनकडचा विंडमिल पामही उणे १२ च्या खालीसुद्धा तग धरतो. पण दोन्हींची पानं पंख्यासारखी, ताडाच्या वळणाची. सुनेने फोटो बघून मान हलवली. "हा ताड झाला, मला माड हवाय."

पिसाऱ्यासारख्या पानांचा आणि थंडीला चिवट असा पाम म्हणजे पिंडो, शास्त्रीय नाव बुटिया ओडोराटा. मूळचा दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा. उणे १० पर्यंत सहज जातो. पण ठेंगणा, रंगाने राखाडी-निळसर, वाढायला संथ.

मग मी म्यूल पाम सुचवला. हा पिंडो आणि क्वीन यांचा संकर. घोडा आणि गाढवाच्या संकराला खेचर म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं, कारण हाही खेचरासारखाच जवळजवळ नेहमी वांझ असतो. पिंडोची थंडी सोसायची ताकद आणि क्वीनचा डौल व वाढीचा वेग, असं दोघांतलं चांगलं त्याच्यात उतरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नाबोनां नावाच्या बागायतदाराने हा संकर केला, म्हणून शास्त्रीय नावात त्याचं नाव आहे.

पुढे नानांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या टी-बाय-डीसारखा." अर्धं खरं आहे. टी-बाय-डी म्हणजे उंच बाणवली आणि ठेंगू नारळ यांचा संकर, पण दोन्ही बाजूंनी नारळच. म्यूल पाममध्ये आई एका प्रजातीची आणि बाप वेगळ्याच प्रजातीचा. शिवाय त्याचं बी मिळत नसल्यामुळे प्रत्येक रोप नव्याने संकर करूनच तयार करावं लागतं. पिंडोच्या फुलोऱ्यातली नरफुलं उमलण्याआधी हाताने खुडायची, मादीफुलांवर क्वीनचा पराग घालायचा, मग बी धरणार, रुजायला कित्येक महिने लागणार. म्हणूनच तो महाग, आणि म्हणूनच एका रोपासारखं दुसरं नसतं. कुणात पिंडो जास्त, कुणात क्वीन जास्त.

ही गोष्ट खरेदीच्या वेळी कामाला यायला हवी होती. रोपवाटिकेत तीन रोपं होती. एक राखाडी छटेचं आणि जाड देठांचं, म्हणजे पिंडोकडे झुकलेलं. दुसरं मधलं. तिसरं हिरवंगार, लवचिक, हुबेहूब क्वीनसारखं. घरच्यांना तिसरं आवडलं. मी गप्प बसलो. आज मी पहिलं घ्यायला लावलं असतं. थंडीसाठी संकर घ्यायचा, तर त्यातला थंडीकडचा भाग जास्त असलेलंच रोप निवडायला हवं होतं.

लागवड आणि पहिली तीन वर्षं

मे २०१८ मध्ये, माती तापल्यावर, झाड लावलं. इथली माती काळी चिकण, पावसात खड्ड्याचं तळं होतं, म्हणून खोल न लावता हातभर उंचवट्यावर लावलं. दक्षिणेकडची विटांची भिंत सहा फुटांवर, उत्तरेचा वारा घराने अडवलेला. जागा उत्तम होती. २०२० अखेर झाड एकूण बारा फुटांपर्यंत पोहोचलं, बुंधा दोन हातांच्या कवेत न मावेल असा झाला.

दोन चुका मात्र त्या काळातल्याच. हिरवळीच्या स्प्रिंकलरचं एक तोंड थेट शेंड्यावर पाणी उडवत होतं. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये लॉनचं नत्रयुक्त खत झाडाच्या मुळांपर्यंत पसरलं. हिवाळ्याच्या तोंडावर नत्र मिळालं की पाम कोवळी वाढ काढतो आणि पालाश कमी पडतं. पालाश कमी असलेला पाम थंडीत लवकर मार खातो. खत टाकणाऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं की तिथे टाकू नको.

फेब्रुवारी २०२१

१० तारखेपासून अंदाज दिवसागणिक वाईट होत गेले. १३ च्या संध्याकाळी आम्ही अंगणात उभे राहून काय करायचं ते ठरवत होतो. नानांनी शेकोटीचं सुचवलं, निफाडकडे द्राक्षबागांत कडाक्याच्या थंडीत पेटवतात तशी. कुंपण लाकडी, वारा सोसाट्याचा, आणि शेजाऱ्याची भिंत आठ फुटांवर. ते बाद झालं.

शेवटी ठरलं ते असं. झावळ्या वर गोळा करून सुतळीने सैल बांधायच्या. बुंध्याला आणि शेंड्याला जुन्या पद्धतीचे, तापणारे नाताळचे मोठे बल्ब गुंडाळायचे. नवे एलईडी चालत नाहीत, ते तापतच नाहीत. एका माळेत पंचवीस बल्ब, प्रत्येकी सात वॅट, अशा दोन माळा. वरून गोणपाट, त्यावर घरातल्या दोन जुन्या गोधड्या. आणि गोठणारा पाऊस शेंड्यात शिरू नये म्हणून सगळ्यात वर प्लॅस्टिकचा कागद. बुंध्याशी पाइनच्या वाळलेल्या पानांचा जाड थर. आदल्या दिवशी मुळांना पाणी भरपूर दिलं, कारण ओली माती कोरडीपेक्षा उष्णता जास्त धरून ठेवते. तापमापकाची एक कांडी आत कोंबाशेजारी ठेवली, दुसरी बाहेर.

१५ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास टेक्ससभर वीज कापायला सुरुवात झाली. या घरातली पावणेतीनला गेली ती १७ च्या संध्याकाळपर्यंत आली नाही. म्हणजे संरक्षणाचा जो मुख्य आधार होता, तोच पहिल्या रात्री गेला. बल्ब विझले. घरातच तापमान आठ अंशांवर आलं, मुलं तीन-तीन स्वेटर घालून एका खोलीत.

गॅसची शेगडी काडी लावून पेटत होती. सुनेने पाणी उकळून डाळ-तांदळाच्या स्टीलच्या डब्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली, आणि नाना व मुलाने ते चार डबे गोधडीच्या आत, शेंड्याखाली झावळ्यांच्या बेचक्यात ठेवले. दर तीन तासांनी बदलायचे. मुलाने नंतर सांगितलं, डबे काढताना त्यांच्यावर हाताला गारसुद्धा लागत नव्हतं इतकी ऊब आत अडकून राहायची. बाहेरचा आकडा खाली जात होता, आतला चार-पाच अंश वर राहत होता.

१६ च्या पहाटे ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर १३ फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेदहा नोंदलं गेलं, १९८९ नंतरचा नीचांक. अंगणातली बाहेरची कांडी उणे १० दाखवत होती, आतली उणे ६.

त्याच सकाळी नळाची धार करंगळीएवढी झाली. मग नानांनी स्वतःच डबे थांबवले. "पाणी माणसांना लागेल," एवढंच म्हणाले. हा निर्णय योग्य होता आणि त्यावर मला काही बोलायचं नाही. दुपारी माळ्यावरचा पाइप फुटला आणि छतातून पाणी आलं. पुढचे चार दिवस कुणाचंही झाडाकडे लक्ष नव्हतं.

मला जे टोचतं ते या चार दिवसांत आहे. २० तारखेपर्यंत ऊन पडलं, दिवसा पारा पंधराच्या वर गेला, आणि प्लॅस्टिक तसंच होतं. आत दमट वाफ कोंडली, शेंडा भिजून राहिला. थंडीने जे पेशी फाडले होते, तिथे बुरशीला आयतं घर मिळालं. मी फोनवर पाइपाची चौकशी केली, झाडाची केली नाही. कागद काढा एवढं एक वाक्य राहून गेलं.

कोंब

आवरण काढलं तेव्हा झावळ्या उकडलेल्या पालेभाजीसारख्या गडद होत्या. आठवड्याभरात सगळ्या गवताच्या रंगाच्या झाल्या. ३ मार्चला मुलाने मधली न उमललेली, भाल्यासारखी सरळ झावळी धरून हळूच ओढली. ती हातात आली. तळाशी तपकिरी, चिकट, आणि आंबट घाण वास.

मुलाचं म्हणणं, झाड गेलं, काढून टाकू. रस्त्यावरचे सगळे क्वीन पाम गेले होतेच. त्याच आठवड्यात वसाहतीच्या संघटनेचं पत्रही आलं, की वाळलेलं झाड तीस दिवसांत हटवा.

नाना शिडीवर चढले. वाकून वास घेतला, पोकळीत बोट घातलं, बोटाकडे बघितलं. म्हणाले, "कोंब कुजतोय, पण कुजलेला नाही. खाली कडक लागतंय."

कोकणात पावसाळ्यात माडाला कोंबकुज होते, तेव्हा कुजका भाग खरवडून चांगल्या भागापर्यंत पोहोचायचं आणि मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, हे त्यांनी किती वेळा केलं असेल. इथली कूज पावसाने नव्हे, थंडीने सुरू झालेली, पण उपायाची दिशा तीच. निर्णय घ्यायचा होता तो खरवडायचं किती याचा. जास्त खरवडलं तर वाढीचा बिंदूच जायचा. नानांनी लांब काठीला जुना चमचा बांधला आणि जे मऊ लागलं तेवढंच काढलं. पांढरट, कच्च्या नारळाच्या गाभ्यासारखं काहीतरी दिसलं तिथे थांबले.

तयार बोर्डो इथे मिळाली नाही, म्हणून बागेच्या दुकानातलं तांबेयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून पोकळीत ओतलं, दहा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं, तांबं साठून कोवळ्या वाढीला इजा करतं. स्प्रिंकलरचं ते तोंड कायमचं बंद केलं. पाऊस आला की शेंड्यावर बादली उपडी घालायची, थांबला की काढायची. ते काम नातवाकडे होतं आणि त्याने ते एकदाही चुकवलं नाही.

दोन ठिकाणी मी नानांच्या विरुद्ध गेलो. त्यांना आळ्यात मीठ टाकायचं होतं, वाडीत टाकत तसं. कोकणच्या निचऱ्याच्या जमिनीत ते चालतं, इथल्या चिकणमातीत मीठ बसलं की मातीची घडणच बिघडते. आणि त्यांना खत लगेच द्यायचं होतं. ज्या झाडाला एकही हिरवं पान नाही, ते खताचं काय करणार? आधी वाढ दिसू दे, म्हटलं. दोन्ही त्यांनी ऐकलं.

झावळ्यांचं काय करायचं, हा पेच मोठा होता. ज्यांच्या देठात हिरवा रंग शिल्लक होता, त्या ठेवायलाच हव्या होत्या, कारण त्या देठातूनही झाड थोडं अन्न ओढतं आणि शेंड्याला आडोसा राहतो. पण संघटनेला दिसत होतं ते एक वाळकं झाड. सुनेने उत्तर लिहिलं, देठाच्या हिरव्या भागाचा जवळून काढलेला फोटो जोडला आणि जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. मुदत मिळाली. मागितली नसती तर झाड त्या पत्रानेच मेलं असतं.

मग वाट बघणं. पोकळीच्या तोंडाशी एक नवं टोक दिसतंय असं एप्रिलच्या सुरुवातीला वाटलं. मुलाने त्या टोकावर आणि शेजारच्या देठावर मार्करने एकाच पातळीत आडवी रेघ मारली. रेघा सरकल्या तर वाढ आहे, नाही तर नाही. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात टोकावरची रेघ दोन सेंटिमीटर वर होती. त्या रविवारी मला सकाळी साडेसहाला फोन आला होता.

निकाल

मे महिन्यात पहिली झावळी उमलली ती अर्धवट, पातींची टोकं कात्रीने छाटल्यासारखी. तो कोंबात असतानाच गोठलेला भाग होता. दुसरी थोडी बरी. जुलैतली चौथी झावळी अगदी सरळ, पूर्ण. पामसाठीचं सावकाश विरघळणारं खत, नत्राहून पालाश जास्त आणि मॅग्नेशियम असलेलं, मेअखेर पहिल्यांदा दिलं.

२०२२ च्या नाताळाआधी, २३ डिसेंबरला पुन्हा कडाका आला. अंगणात उणे ८. थंडी कोरडी होती आणि वीज टिकली. यावेळी प्लॅस्टिक नव्हतं, बल्ब आणि गोणपाट होतं, आणि पारा शून्याच्या वर स्थिरावल्याबरोबर २६ तारखेला सगळं काढलं. झावळ्यांची टोकं भाजली, कोंब घट्ट राहिला. जानेवारी २०२५ मध्ये ह्यूस्टनला चांगला बर्फ पडला, तेव्हा नातवाने झाडूने शेंड्यावरचा बर्फ झटकला. बाकी काही करावं लागलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

रोप पिंडोकडे झुकलेलं घेऊ, जरी ते दुकानात कमी देखणं दिसत असलं तरी.

विजेवर एकट्यावर विसंबणार नाही. गोणपाट, वाळलेला पाला आणि झाकणाचे डबे आधीच काढून ठेवू. आणि प्लॅस्टिक वापरलंच तर ते शेंड्यापासून वर, चार काठ्यांवर छपरासारखं, म्हणजे पाऊस अडेल आणि वाफ निघून जाईल. ते काढायची तारीख बांधतानाच एका माणसाच्या नावावर लिहून ठेवू. घरावर संकट आलं की झाड विसरलं जाणारच, म्हणून ते नाव घराबाहेरच्या माणसाचं असलेलं बरं. या घरासाठी ते आता माझं आहे.

भाल्यासारखी झावळी थंडीनंतर दोन आठवड्यांनी नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हलवून बघू. ती सैल लागली की कूज सुरू झाली, आणि तिथे दहा दिवसांचा फरक फार मोठा असतो.

"१५ फॅरनहाइटपर्यंत टिकतो" (म्हणजे साधारण उणे ९) हे रोपाच्या चिठ्ठीवरचं वाक्य मी आता वेगळं वाचतो. ते चांगल्या वाढलेल्या झाडाला, कोरड्या थंडीत, थोड्या तासांसाठी लागू पडतं. ओल्या शेंड्याला, दोन रात्रींच्या थंडीला, ऑक्टोबरमध्ये नत्र खाल्लेल्या झाडाला ते लागू पडत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात झाडाला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. मुलाने व्हिडिओ कॉल लावून फोन शिडीवर नेला. नानांनी गुहागरच्या ओटीवरून चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. सुनेने सांगितलं की नाना, हा वांझ आहे, फळ धरणार नाही. ते म्हणाले, "फळाचं राहू दे. फोन जरा खाली घे, मला कोंब दाखव."